स्क्रीनवरचा चौकटीचा शर्ट

अरे, शाळांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेचा वर्धापनदिन होता. वाशीला परिषद ठेवलेली, तुर्भ्याच्या आमच्या शाळेतून मला बोलावणं.

स्क्रीनवर एका वर्गाचा फोटो आला. संशोधक मॅडम म्हणाल्या, “हे शिक्षक मुलांना प्रश्नच विचारू देत नाहीत. नाव अर्थात गुप्त आहे.”

शेजारच्या मुख्याध्यापिका हळहळल्या, “कसले कसले शिक्षक असतात!”

“हो ना!” मी म्हटलं. मग नीट बघितलं. फोटोतल्या पाठमोऱ्या शिक्षकाचा चौकटीचा शर्ट आज माझ्याच अंगावर होता.

तेवढ्यात स्टेजवरून माझं नाव पुकारलं. संशोधनातल्या सहकार्याबद्दल सत्कार! ही शिक्षा की कौतुक, काही कळेना.

शाल पांघरून जागेवर परत आलो तर शेजारच्या बाई म्हणतात, “सर, तुमच्यासारखे हवेत. नाहीतर तो मघाचा!”

शाल मी घरी पोचेपर्यंत काढलीच नाही.