पाण्याखालच्या शेताचे तीन सिनेमे

नाही, पण तुम्हीच सांगा मला, कासवाला चष्मा कशाला लागतो? आणि लागत असेल तर लागू दे, माझं काय जातंय, पण त्या चष्म्यावरून नवराबायकोचं बोलणं बंद झालेलं तुम्ही कधी ऐकलंय? आमच्याकडे झालं. मी सुमंगला, गोव्यात कारापूरला राहते, आणि आमचे हे, कृष्णनाथ, मूळचे मयेचे, पाळीला खाणीवर नोकरी करून रिटायर झाले आणि झाल्या झाल्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा. आता साखर काय माझी पुतणी आहे, ये गं खाली म्हटलं की यायला? तोवर हे आपले जनेलापाशी खुर्ची टाकून बाहेर बघत बसलेले. म्हणायचे, "सगळां धुक्यात आसा गो, तुझां तोंडपण." मी म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी माझ्या तोंडाबद्दल काहीतरी बोललात.

तर आमची मुलगी क्षमा, पर्वरीला असते, ती आली आणि म्हणाली, बाबांचा वेळ जात नाही तर मी टीव्हीवर सिनेमा लावून देते, त्यांच्या त्या लाडक्या पुस्तकावरचा नवीन आलाय. 'पाण्याखालचं शेत.' तुम्ही लहानपणी वाचलं असेल, मी नाही वाचलं, खोटं कशाला बोलू, आमच्या माहेरी पुस्तक म्हणजे पंचांग. यांच्याकडची प्रत माझ्या लग्नाआधीच वाळवीनं खाल्ली, पण गोष्ट मी यांच्या तोंडून इतकी ऐकलीय... शेवंती नावाची मुलगी, तिच्या बापाला झोप येत नाही, म्हणून ती कासवाच्या पाठीवर बसून तळ्याच्या तळाशी जाते, आणि तिथं गाव असतं, त्या गावात झोपेचं पीक घेतात. खरंच. भातासारखी लावणी करायची, कणसं आली की कापायची, आणि ती कणसं उशाशी ठेवली की माणूस झोपला. बांधावर राखणीला एक बगळा, तो मात्र जन्मात झोपलेला नाही. हे सांगायला लागले की यांचा आवाज असा खाली खाली जायचा, पाण्यात उतरल्यासारखा, की चुलीवर भाजी लागली तरी मला उठवत नसे.

बरं, लावला सिनेमा. यांना दिसतात नुसते रंग हलताना. मला विचारतात, "काय दिसता?" मी म्हटलं, कासव आलं. हिरवं आहे, चष्मा लावलाय. "चष्मो?" हो, आणि गाणं म्हणतंय. हे एकदम हळू आवाजात, कोणी घरातलं गेल्यासारखं म्हणाले, "पुस्तकात असां नाय गो."

पुढं बघते तर बगळ्याची फौज, हातात भाले, शेताला आग लावलेली, शेवंती हवेत उड्या मारतेय. मी आपली इमानदारीनं सांगतेय... "बगळो लढता?" लढतोय बाई, चांगला लढतोय. "पुस्तकात असां नाय गो." शेवटी मी वैतागून म्हटलं, एवढं काय त्या चष्म्याचं, तुम्हालापण लागणारच आहे. झालं. दोन दिवस बोलणं बंद.

क्षमानं मग जुना सिनेमा शोधून काढला, काळापांढरा, याच पुस्तकावरचा. त्यातली शेवंती, अहो, दोन वेण्या घातलेली तीस वर्षांची बाई. कासव म्हणजे बांबूच्या कामट्यांवर कापड, आत दोन माणसं, आणि मागच्या माणसाची चप्पल सबंध सिनेमाभर बाहेर. झोपेची कणसं म्हणजे ज्वारीला चुना फासलेला. आणि बाप, ज्याला झोप येत नाही, तो मुलीला कसं वागावं यावर इतकं लांब भाषण करतो की मलाच झोप आली. मी सगळं सांगितलं, चपलेसकट. "पुस्तकात असां नाय गो." पण कासव बोलत नाही आणि बगळा हलत नाही, हे त्यांना आवडलं. बगळा हलणार कसा, तो पेंढा भरलेला होता... पण ते मी नाही सांगितलं.

तर असं हसतखेळत चाललं होतं, आणि एक दिवस डॉक्टरांनी पुन्हा परत पाठवलं. साखर आहे तिथंच. घरी आलो, जेवायला बसलो, आणि हे हातातला घास तसाच धरून म्हणाले, "माका आता मयेचां तळां आठवना गो. आधी डोळे मिटले की दिसा. आता मिटले तरी धुकांच."

तुम्हाला सांगते, मला इतकी भीती त्या मोतीबिंदूची नव्हती वाटली. हा माणूस त्या तळ्याच्या काठी वाढलेला. ते पुस्तक त्यानं तिथं बसून वाचलेलं, शेवंतीचं तळं म्हणजे त्याच्या मनात मयेचंच तळं. तेच गेलं तर राहिलं काय?

म्हणाले, तो नवीन सिनेमा लाव परत, निदान रंग तरी हलतात. मी लावला. आवाज बंद केला, म्हटलं, टीव्ही बिघडलाय, मी सांगते. आणि सांगायला लागले.

कासव आलं. चष्मा नाही. बोलत नाही. पाठीवर शेवाळ आहे, शेवंतीनं हात ठेवला तर गार लागलं. आता खाली चाललेत. वरचा उजेड हिरवा होत होत काळा झाला, आणि मग खालून दुसरा उजेड यायला लागला, दुधासारखा. ते शेत. कणसं वाकलेली आहेत, पाण्यानं सगळी एकदम हलतात आणि एकदम थांबतात. मयेच्या डोंगराची सावली वरून येऊन शेतावर पडलीय. माणसं कापणी करतात, कोणी बोलत नाही, कोणाला घाई नाही... आणि समोर टीव्हीवर बगळ्याची फौज तोफा डागतेय. मी म्हटलं, बगळा बांधावर उभा आहे. एका पायावर. काही करत नाही.

मी वाट बघतेय, आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाले. बघते तर झोपलेले. खुर्चीतच, तोंड थोडं उघडं, चेहरा असा की कोणीतरी उशाशी कणीस ठेवलंय.

मग रोज दुपारी तेच. मला वेगळं काय सांगायचं होतं? ते जे जे पुस्तकात नाही म्हणाले, ते ते काढलं. उरला तो सिनेमा.

साखर उतरली एकदाची. एक डोळा झाला, मग दुसरा. क्षमा आली, तोच सिनेमा लावला, आवाजासकट. यांनी नवे डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "ह्यो तो सिनेमा न्हय." मी म्हटलं, हाच. "कासवाक चष्मो होतो?" पहिल्या दिवसापासून होता. माझ्याकडे बघत राहिले. रागावले असतील म्हणून मी तांदूळ निवडायला घेतले.

पोरीला वाटलं, बाबांचं समाधान पुस्तकानंच होईल. कुठल्याशा वाचनालयातून जुनी प्रत आणून दिली. हे जनेलापाशी बसून वाचत होते, शेवटचं पान झालं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुस्तकात असां नाय गो."

म्हटलं, अहो, पुस्तकच आहे तुमच्या हातात.

पुस्तकात शेवंती कणसं घेऊन काठावर येते आणि त्यांचं पाणी होतं. बाप जागाच राहतो. दोघं नुसती तळ्याकडे बघत बसतात. आणि यांनी मला जन्मभर सांगितलेलं की बाप झोपतो. मग तेच म्हणाले, "बाबांक दमो होतो. आडवां पडूक मिळा नाय. संध्याकाळी मी वाचून दाखवी. मीच बदलून सांगितलां असात."

मी विचारलं, झोपायचे का मग ते?

"झोपत. थोडेशे."

पुस्तक परत गेलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बघते तर खुर्ची टीव्हीसमोर, सिनेमा लावलेला, आवाज बंद, आणि हे मला म्हणतात, सुरू कर. आणि डोळे मिटून घेतले. दोन ऑपरेशनं करून उघडलेले डोळे. आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? मी आपली रोज सांगतेय. कंटाळा येतो कधी, तर परवा बगळ्याला जरा दुसऱ्या पायावर उभं केलं.

डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "काल असां नव्हतां गो."