कोऱ्या कागदावरचा पेपर

माझं माहेर कोरेगावकडचं, शाळा सातवीपातुर, आनि लगीन झालं हवाईदलातल्या मेकॅनिकशी, म्हनून बदल्यांमागं फिरत लखनौला आलो, बख्शी का तालाबला. पोरगी एकच, शुभा. चार वर्षांची असताना तापात नजर गेली तिची, पूर्न गेली.

काय सांगू तुमाला, बीएला गेली तवा ब्रेलमधलं एकबी पुस्तक मिळंना. मग मीच हिंदी पुस्तकं मोठ्यानं वाचून टेपवर भरायची, मदीच कुकरची शिट्टीबी भरली जायची. मी मराठीत बोलनार, ती हिंदीत, म्हनायची, मम्मी, वो सीटीवाला चॅप्टर फिर से लगाओ.

परीक्षेला तिचं सांगितलेलं लिहून घेनारं मानूस पायजे. कॉलेजच्या ऑफिसातला बाबू म्हनला, लिखनेवाला आप लाइए. एक मुलगी ठरवली, ती आदल्या दिवशी नको म्हनली. म्हनलं मी लिहिते, तर बाबू म्हनला, सगी माँ नहीं चलेगी. शेवटी शुभाच म्हनली, मैं टाइप करूँगी, अंधशाळेत शिकली व्हती ती. बाबूनं कुरकुरत ऑफिसातलं टायपाचं मशीन दिलं आनि आवाज होतो म्हनून बाकी पोरांपासून येगळी स्टोअररूममध्ये बसवली, समोर देखरेखीला एक मानूस.

मी व्हरांड्यात, एका जागी बसवंना. टकटक थांबली की जीव वर यायचा, सुरू झाली की पुन्हा फेऱ्या. तीन तासांनी आली हसत, बहुत अच्छा गया. मागनं देखरेखीचा मानूस कागद घेऊन आला, बघते तर सगळे कोरे! मशीनचा खटका स्टेन्सिलवर राहिलेला, त्यात अक्षर नुसतं कागदात दाबलं जातं, शाईची फीत वर उचललीच न्हाई. म्हनलं भैया, तुमी तर समोरच बसलावता ना? तो म्हनला, हमारा काम नकल पकड़ना है. शुभाचा चेहराच उतरला, ओढनी नुसती बोटांना गुंडाळत राहिली.

कागदावर माझा अंगठा फिरला आनि खड्डे लागले. तशीच शुभाला आनि त्या मानसाला घेऊन विभागाच्या मोठ्या मॅडमकडं गेले, म्हनलं हात लावून बघा, अक्षरं हैत. मॅडमनी कागद खिडकीशी तिरपा धरला, एक वाक्य वाचलं, अडखळत दुसरं, तर पुढचं शुभानंच बोलून दाखवलं, शब्दाला शब्द. मॅडमनी बाबूला बोलावलं, म्हनल्या, ये कॉपी मैं खुद जाँचूँगी, म्हंजे हा पेपर त्याच तपासनार. आनि पुढच्या पेपरला सोता येऊन फीत बघितली.

पास झाली. यंदा बरेलीला शाळेत मास्तरीन झाली, खोली घेऊन एकटी राहते. शनिवारी शेजारी वर्मांकडं तिचा फोन येतो, तोवर मी घरभर फिरत असते, हे म्हनतात बस की जरा. न्हाई बसवत, काय करू. पोरगी सुखात राहू दे, माझं हे असंच चालायचं.