काकांच्या हातातलं निशाण

माझे काका इंगोलश्टाटला इंजिनिअर आहेत. मी युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून हायडेलबर्गजवळच्या एका रग्बी लीग संघाचा कोच झालो, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "कागदाशिवाय जर्मनीत कुत्रं विचारत नाही."

एका शनिवारी ते माझ्या नावाचा युनिव्हर्सिटीचा प्रवेशअर्ज घेऊन थेट मैदानावरच आले. सही घेतल्याशिवाय हलणार नव्हते. नेमका आमचा लाइन्समन आला नव्हता. मी त्यांच्या हातात निशाण दिलं. "कोणाचा पाय कडेच्या रेषेला लागला की वर करा. गप्प तरी बसाल."

शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरानं गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून जिंकून देणारा ट्राय केला, आणि काकांनी निशाण वर केलं. आम्ही हरलो.

"अहो काका, आपली टीम होती ती."

"पाय रेषेवर होता. चूक ती चूक."

निशाणाच्या कामावर काका इतके खूश झाले की अर्ज खिशातच राहिला. "पुढच्या शनिवारीही येतो रे."

"आज अडचण म्हणून चाललं. एरवी सर्टिफिकेट लागतं, परीक्षा असते."

"कोण घेतं?"

"मी."

काका नापास झाले. चिडून म्हणाले, "नकोच मला."

मी म्हटलं, "अर्धवट सोडू नका, काका. घरात एक पुरे."