काळ्या चौकटीतल्या वेनेताबाई

वेनेता : दार लाव. आधी दार लाव, मेतोदी, आणि मग मला सांग. शेजारची दोन्का आत्ता दारात आली, माझं तोंड बघितलं, हातातला वाडगा टाकला आणि किंचाळत पळत सुटली. का?

मेतोदी : घाईत असेल.

वेनेता : वाडग्यात काय होतं बघितलंस? उकडलेले गहू. वर साखर, वर अक्रोड.

मेतोदी : अरेरे. कोण गेलं?

वेनेता : तेच विचारतेय! मेलेल्याच्या नावाचे गहू घेऊन ती आपल्या दारात आली. या घरात माणसं दोन. आणि तुझ्याकडे बघून ती किंचाळली नाही.

मेतोदी : मी तिला रोजच दिसतो ना.

वेनेता : मेतोदी, काल तुला माझी जाहिरात छापायला पाठवलं होतं. साधी जाहिरात. ‘इंग्रजी शिकवते.’ कुठंय ती?

मेतोदी : सगळी लावली की! बसथांब्यावर लावली, बेकरीच्या दारावर लावली, चर्चच्या फाटकावर लावली. एक उरलीय, कोटाच्या खिशात. बघ. छापखान्यातल्या ग्रोझ्योनं कागद चांगला जाड वापरलाय.

वेनेता : दे इकडे.

मेतोदी : आवडली?

वेनेता : ही काळी चौकट कुणाची कल्पना?

मेतोदी : ग्रोझ्योकडे ही एकच चौकट आहे. तो म्हणाला, उठून दिसते.

वेनेता : उठून दिसते! अरे, गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची ती उठून दिसते! ग्रोझ्यो आयुष्यभर दुसरं काही छापत नाही! कोण मेलं, कुणाला चाळीस दिवस झाले, कुणाला वर्ष झालं, आणि ते कागद दारादारांवर, थांब्यांवर. आणि वर ही डहाळी कसली?

मेतोदी : त्यानं आधी क्रूस टाकला होता. मी म्हटलं, क्रूस अजिबात नको, ही जाहिरात आहे. म्हणून त्यानं डहाळी टाकली.

वेनेता : नास्तिकांना घालतात ती डहाळी! मी मेलेच, वर देव न मानता मेले! आणि माझा हसरा फोटो दिला होता तो?

मेतोदी : ग्रोझ्यो म्हणाला, या चौकटीत हसरा बरा दिसत नाही. मग ओळखपत्रावरचा दिला.

वेनेता : ‘वेनेता गांचेवा. इंग्रजी काळांसह तीस वर्षं. कृतज्ञ विद्यार्थी आणि पती.’ क्रियापद कुठंय, मेतोदी? मी ‘शिकवते’ लिहून दिलं होतं. ठळक लिहून दिलं होतं.

मेतोदी : जागा पुरली नाही. डहाळी बसवायची होती.

वेनेता : मी तीस वर्षं मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट कोंबली, की वाक्यातून क्रियापद गेलं की वाक्य मेलं. आणि माझ्याच नवऱ्यानं माझ्याच वाक्यातून... हे आपल्या दारावर नाही ना लावलंस?

मेतोदी : लावलं ना. लोकांना घर सापडायला नको?

वेनेता : सापडलं. दोन्काला बरोबर सापडलं.

मेतोदी : चिडू नकोस गं. निदान लोक येतायत तरी. महिनाभर या घराकडे कुणी फिरकलं नव्हतं.

वेनेता : ते का फिरकले नाहीत हेही सांग ना. नाव घ्यायला लाजतोस?

मेतोदी : डेरेकचा काय दोष यात?

वेनेता : डेरेक! तो तुझा डेरेक! इंग्लंडात नळ दुरुस्त करायचा, इकडे बल्गेरियात स्वस्तात घर मिळालं म्हणून आला, अर्धी चड्डी घालून अंगणात बसतो, आणि महिन्याभरापासून अख्खं गाव त्याच्या समोर इंग्रजी शिकायला! फुकट! म्हणे अस्सल इंग्रज आहे. अरे, कोंबडीला अंडं घालता येतं म्हणून ती अंड्यावर व्याख्यान देते का? त्या पोस्टातल्या स्तांकाला मी बारा काळ शिकवले. बारा! साधा, चालू, पूर्ण, आणि पूर्ण होऊनही चालूच. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ समजावायला मी तिला घराबाहेर काढून दार लावलं होतं.

मेतोदी : आठवतंय. पाऊस होता.

वेनेता : होताच. म्हणूनच तिला कळलं! किल्ली हरवली मघाशी, पण भिजतेय ती आत्ता. जे घडून गेलं आणि अजून अंगावर निथळतंय, त्याच्यासाठी ‘हॅव’. जन्मात विसरणार नाही ती. आणि मग ती पोरगी त्याच्याकडे गेली आणि विचारलं, इथं ‘हॅव’ का? तर तो काय म्हणाला ठाऊक आहे?

मेतोदी : ‘कानाला बरं लागतं.’

वेनेता : कानाला बरं लागतं! हा नियम! आणि सगळे टाळ्या वाजवतात, रकियाची दारू ओततात, टोमॅटो कापतात... थांब. तो असं म्हणाला हे तुला कसं माहीत?

मेतोदी : तूच म्हणालीस मघाशी.

वेनेता : मी विचारलं. उत्तर तू दिलंस.

मेतोदी : गावात बोलतात.

वेनेता : मेतोदी, दर गुरुवारी तू पंप दुरुस्त करायला जातोस. कुणाचा पंप?

मेतोदी : पंप तो पंप. त्याला काय नाव असतं?

वेनेता : नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पंप दुरुस्त करायला तू जातोस? बस चालवायचास तू!

मेतोदी : तू विषय बदलू नकोस. आज शनिवार. आपलं काय ठरलंय? शनिवारपर्यंत एकही विद्यार्थी आला नाही, तर पुढच्या खोलीतला फळा उतरवायचा आणि तिथं माझं वाइनचं पिंप ठेवायचं. द्राक्षं काही तुझ्या बारा काळांसाठी थांबणार नाहीत.

वेनेता : ठरलंय ते ठरलंय. शब्द फिरवायची नाही मी. पण दिवस अजून संपलेला नाही.

मेतोदी : मेलेल्या बाईकडे कोण शिकायला येणार आता?

(दारावरची घंटा वाजते.)

वेनेता : तू थांब. मीच उघडते. बघू दे त्यांना जिवंत बाई कशी दिसते ती!

डेरेक : मेतोदी, मी खूप रडतो, मी... आ! आऽऽ!

मेतोदी : धर, धर त्याला! पडला! डेरेक! शी नॉट डेड, मेट! नॉट डेड! शी ऑलवेज लाइक दॅट!

वेनेता : मेतोदी!

मेतोदी : काय?

वेनेता : तू इंग्रजी बोललास.

मेतोदी : कोण, मी?

वेनेता : तीस वर्षं. तीस वर्षं मी या घरात, या टेबलावर तुला ‘आय अ‍ॅम, यू आर’ शिकवत होते आणि तू कोबी चिरत होतास. माझ्यापाशी एक शब्द तोंडातून निघाला नाही. आणि त्याच्याशी... ‘मेट’?

मेतोदी : अगं, माणूस पडला. तोंडून निघून गेलं.

वेनेता : एकाही वाक्यात क्रियापद नाही! ग्रोझ्योकडे शिकलास की याच्याकडे?

मेतोदी : पण त्याला कळलं ना!

वेनेता : दुसऱ्या बाईकडे गेला असतास तर इतकं लागलं नसतं, मेतोदी. दुसऱ्या बाईच्या मी झिंज्या उपटल्या असत्या आणि विषय संपला असता.

डेरेक : पाणी आहे?

वेनेता : देते. ऊठ. डोकं टेक भिंतीला. शुद्धीत आहेस?

डेरेक : बाई, तू काल मरते. मी कागद वाचतो. मी पूर्ण रात्र रडतो.

वेनेता : मरते नाही. मेली.

मेतोदी : पण तू मेलेली नाहीस.

वेनेता : तू मध्ये बोलू नकोस! काल घडलं तर ‘मेली’. आणि ‘तू’ नाही, ‘तुम्ही’. ‘तुम्ही काल वारलात.’ आठ वर्षं राहतोयस बल्गेरियात, आणि अजून सगळं ‘मी जातो, मी खातो’!

डेरेक : हो. मी फक्त आजचा बोलतो. कालचा मला येत नाही. उद्याचा पण नाही.

वेनेता : मान उभी हलवू नकोस. आमच्याकडे तो नकार.

डेरेक : हे पण मला येत नाही. बाई, खूप त्रास होतो. मी शेजाऱ्यांना म्हणतो, ‘मी बायकोला सोडतो.’ बायको मला सोडते वीस वर्षं आधी! पण मी म्हणतो, सोडतो. दोन्का मला रोज सूप देते. आठ वर्षं रोज सूप. ती रडते आणि वाट बघते, मी कधी सोडतो.

मेतोदी : तरी मी विचार करत होतो, दोन्का त्याला सूप का देते!

डेरेक : मी म्हणतो, ‘मी लीड्सचा घर विकतो.’ दुसरा दिवस पाच माणसं येतात, माझा इथला घर बघतात, मोजतात, भिंत ठोकतात. एक माझा पलंग घेतो. जातो.

वेनेता : घेऊन गेला.

डेरेक : घेऊन गेला. धन्यवाद.

वेनेता : मग तुझ्या त्या अंगणातल्या टोळीला का विचारत नाहीस? सगळं गाव बसतं की तुझ्यासमोर.

डेरेक : ते माझ्याशी इंग्रजी बोलतात. मेतोदी पण. सगळे हसतात, पितात, कुणी शिकत नाही. फक्त स्तांका बोलते चांगला. मी तिला विचारतो, कुठे शिकते? ती म्हणते, बाई. ती मला सांगते, मी ‘हॅव’ का बोलतो. माझा ‘हॅव’! मी पन्नास वर्षं बोलतो, मला माहीत नाही. ती मला सांगते, किल्ली, पाऊस, दार. मी घरी जातो आणि... कसा म्हणतात? पोटात आग.

मेतोदी : जळतोस.

डेरेक : जळतो. स्तांकावर जळतो. शाळेत मला कुणी पावसात उभा नाही करत. मास्तर मला फक्त मारतो. मी विचार करतो, बाईकडे जातो. पण मेतोदी म्हणतो, नको जाऊस, बाई तुझं डोकं फोडते. मी घाबरतो. मग कागद. बाई मरते. मी म्हणतो, डेरेक, गाढवा, उशीर.

वेनेता : मेतोदी.

मेतोदी : फोडलंच असतंस ना?

वेनेता : फोडलं असतं. पण तो आला तर असता.

डेरेक : ही फुलं. माफ करा. दुकानात बाई विचारते, कुणासाठी. मी म्हणतो, मेलेल्यासाठी. ती एक परत घेते आणि सहा देते.

मेतोदी : सम संख्या ना. जिवंत माणसाला सम फुलं द्यायची नसतात.

डेरेक : अरे देवा. मी परत नेतो.

वेनेता : आण इकडे. बस त्या खुर्चीवर. हं. आमच्या भाषेत एक रूप आहे, तुमच्याकडे नाही. जे आपण डोळ्यांनी बघितलं नाही, नुसतं ऐकलं, त्याला क्रियापदाचं वेगळं रूप. या गावात त्याच्याशिवाय तू एक दिवस जगू शकत नाहीस, कारण इथं कुणी काही बघत नाही, सगळे ऐकतात. मागून म्हण : बाई वारल्या म्हणे.

डेरेक : बाई वारल्या म्हणे.

वेनेता : डेरेक बायकोला सोडणार होता म्हणे.

डेरेक : डेरेक बायकोला सोडणार होता म्हणे.

वेनेता : मेतोदी दर गुरुवारी पंप दुरुस्त करायला जायचा म्हणे.

डेरेक : मेतोदी दर गुरुवारी पंप... बाई, कुठला पंप?

मेतोदी : झालं! लागला शिकायला!

वेनेता : कान चांगला आहे तुझा. शिस्त नाही, पण कान आहे. मंगळवारी ये. वेळेवर. अर्धी चड्डी चालणार नाही.

डेरेक : आणि गुरुवारी बाई माझ्या अंगणात? त्या सगळ्यांना कुणी पाहिजे, पावसात उभा करणारा.

वेनेता : बघू. पाऊस असला तर.

मेतोदी : एक मिनिट, एक मिनिट! म्हणजे फळा?

वेनेता : फळा आहे तिथंच राहील. शनिवार संपायच्या आत विद्यार्थी आलाय.

मेतोदी : आणि माझं पिंप?

वेनेता : तळघरात. आणि जा, आधी तो दारावरचा कागद काढून आण.

मेतोदी : आणि बसथांब्यावरचा?

वेनेता : तो राहू दे. सोमवारपर्यंत राहू दे. कोणकोण रडतं ते कळू दे मला.

मेतोदी : आणि ही फुलं? ठेवू का पाण्यात?

वेनेता : ठेव. पण आधी त्यातलं एक काढ.