बाळाच्या खोलीतला धूर

जबाब देणारीचे नाव वर घेतले आहे. बिल्डिंगमध्ये मला थिएटरबाई म्हणतात. वय ६३. धंदा: पूर्वी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये अवजारे निर्जंतुक करण्याचे काम, आता काही नाही. राहणार तिसरा मजला, शेवटचे दार. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी एकटीच राहते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. तिला सात महिन्यांचे बाळ आहे. ते मी फोनवरच पाहिले आहे. माझ्या आतल्या खोलीच्या भिंतीला ओल येऊन बुरशी धरली आहे. मुलीचे म्हणणे, "आई, त्या खोलीत निजवलं तर बाळाला खोकला लागेल. मी नाही आणणार." फिनेल झाले, ब्लीचिंग पावडर झाली. चार दिवस गेले की बुरशी पुन्हा हजर.

थिएटरमध्ये अशा वेळी जंतू आणि बुरशी मारायला आम्ही फॉर्मलिन या उग्र औषधाचा धूर करायचो. खोली रिकामी करायची, फटींना चिकटपट्टी लावायची आणि दार बंद. मग मोठे सर्जन येऊन उभे राहिले तरी दार उघडायचे नाही, असा आमचा नियम. आज सकाळी मी तसेच केले. फॉर्मलिन दुकानातून विकत आणले. हॉस्पिटलमधून उचललेले नाही, हे कृपया लिहून घ्यावे.

पण घराची दारे ती घराची दारे. धूर बाहेरच्या खोलीत येऊ लागला. शेजारच्या शिंपीणबाईंना दमा आहे, त्यांना त्रास नको म्हणून मी मुख्य दारालाही आतून पट्ट्या मारल्या आणि तोंडाला ओला टॉवेल लावून मागच्या गॅलरीत बसले. घराबाहेर पडायला हवे होते, हे जबाब घेणाऱ्या हवालदारबाईंचे म्हणणे बरोबर आहे. पण बाहेर पडून कोणाकडे जाऊन बसायचे, ते मला सुचले नाही.

शिंपीणबाई दार बडवू लागल्या. मी आतून सांगितले, "आता दार उघडायचं नाही. तुम्ही लांब जा." नियमाप्रमाणे बोलले. पट्ट्या आतून, बाई एकटी, धुराने आवाज बसलेला, तेव्हा त्यांनी काय समजायचे? त्यांनी वॉचमनला बोलावून दार तोडले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. फॉर्मलिनने कोणाच्याही लागतात.

शिंपीणबाईंनीच मुलीला फोन लावला. मुलगी हुंदके देत होती. म्हणाली, "आई, असं का गं केलंस? मी निघते, बाळाला घेऊनच निघते. तू आता माझ्याकडेच राहायचंस." मी खरे काय ते सांगणार होते. पण तिच्या मागून बाळाचा आवाज येत होता. मी फोन कानाला धरून गप्प बसले. मला फार बरे वाटले.

जीव द्यायचा माझा विचार नव्हता व नाही. त्या भिंतीला अजून रंग द्यायचा आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, दार तोडले म्हणून शिंपीणबाईंविरुद्धही नाही.

हा जबाब हवालदारबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे व खरा आहे. विनंती एकच. मुलीचा फोन आला तर जबाब अजून चालू आहे, असे सांगावे. ती गाडीत बसली आहे. खरे कळले तर अर्ध्या वाटेवरून परत फिरेल. बाळ एकदा माझ्या हातात आले की मीच तिला सांगेन.