बघून वाटत नाही हो!

नाही नाही, आज मला कुणी मध्ये थांबवू नका, आज मी बोलणार म्हणजे बोलणार, कारण ‘बघून वाटत नाही हो’ हे वाक्य मी या सिंगापुरात इतक्या तोंडांतून ऐकलंय, की उद्या मी मेले आणि यमदूत न्यायला आला, तर तोही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळणार आणि म्हणणार, ‘सुलेखाबाई तुम्हीच का? बघून वाटत नाही हो!’

काय वाटत नाही? तर मी गाते असं वाटत नाही! बरं, गाते ते सोल गाते, असं तर कुणाच्या बापाला वाटत नाही. सोल म्हणजे काय ते सांगते, थांबा... अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये देवाला ज्या आवाजात हाका मारायचे ना, तसल्याच आवाजात पुढे त्यांनी प्रेमाची, भांडणाची, सोडून गेलेल्या नवऱ्याची गाणी म्हटली. पोटातून येतं ते. नाजूकपणाचा काही संबंधच नाही. आणि मी? पाच फूट उंची, चष्मा, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात अकाउंट्स बघते, डब्यात भेंडी. अशा बाईने गायलंच तर मंगळागौरीला गावं, फार तर हळदीकुंकवाला आग्रह झाला म्हणून आधी नको नको म्हणून मग दोन कडवी म्हणावीत, असा एक जागतिक करार झालेला आहे, त्यावर माझी सही कुणी घेतली देव जाणे!

आता आवाज असा आहे त्याला मी काय करू? जन्मापासून जाडाच आहे. कराडला शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणायच्या, ‘सुलेखा, तू आपली मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव हं.’ मी अख्खी शाळा ओठ हलवून काढली! फोनवर आजही बँकेची मुलगी मला ‘येस सर’ म्हणते. लग्न करून इथे आले, आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी, रेडिओ लावला, आणि एक बाई गात होती... अहो, माझ्यासारखाच आवाज! तसाच खर्जातला, तसाच भरदार, आणि ती तो लपवत नव्हती हो! उलट, घ्या, ऐका, असा समोर टाकत होती. मी कुकर घासता घासता रडले. खरंच रडले. मला कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की बाई, तू ओठ हलवू नकोस, तू गा.

मग गायला लागले. स्वयंपाकघरात. तर एक दिवस दारावर टकटक. शेजारचे गो अंकल. चिनी गृहस्थ, सत्तरीचे, उत्सवांच्या स्टेजवर कीबोर्ड वाजवतात. म्हणाले, ‘आंटी, युअर सीडी व्हेरी गुड आ! विच सिंगर?’ म्हटलं, मी. हसले. मी पुन्हा म्हटलं, मी! तर हा माणूस माझ्या खांद्यावरून वाकून आत बघायला लागला, की ती अमेरिकन बाई मी फ्रिजमागे कुठे लपवलीय का! मग तिथे दारातच गाऊन दाखवलं, हातात झारा. अंकल हळूच म्हणाले, ‘वा लाव... कॅनॉट टेल बाय लुकिंग!’ ‘वा लाव’ म्हणजे इथलं ‘अबब’, आणि पुढचं म्हणजे तेच की! बघून वाटत नाही हो! पण त्यांना मी माफ केलं, कारण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले, ‘यू कम, यू सिंग.’ एवढं सोपं असतं ते. बघून वाटत नाही ना? मग ये आणि गा!

आता आमच्या मंडळाचे पद्माकरराव घ्या. घ्याच! मी त्यांच्यासाठीच आज उभी आहे.

पद्माकरराव म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सांस्कृतिक प्रमुख. निवड झाली होती का? आठवत नाही कुणाला. कार्यक्रम कुठलाही असो, पहिल्या रांगेत मधली खुर्ची यांची. आले नसले तरी त्यांचा रुमाल येऊन बसलेला असतो! तर झालं काय, आमच्या अभयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मी गाताना चोरून रेकॉर्ड केलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं ‘ऐका’. झालं! पद्माकररावांनी हा एवढा निबंध लिहिला. ‘काय हा आवाज! यात एका समाजाची शतकांची वेदना आहे! ही बाई आफ्रिकन वंशाची आहे, हे पहिल्या सुरालाच समजते. आपल्या लोकांना हे सात जन्मांत जमणार नाही.’ पुढे चार नमस्कार. मी वाचतेय, गालातल्या गालात हसतेय, मनात म्हणतेय, सुलेखा, जिंकलीस! आणि अभयने, त्या भोळ्या जिवाने, खाली लिहिलं, ‘काका, ही आमची सुलेखा!’

ग्रुपवर कुणाचा अंगठासुद्धा नाही. अर्ध्या तासाने पद्माकररावांचा मेसेज... ‘अच्छा. प्रयत्न चांगला आहे.’

प्रयत्न!! अहो, तोच आवाज, तेच गाणं, तोच मागे आमचा मिक्सर! आधी त्यात शतकांची वेदना होती, आणि नाव कळल्यावर नुसता प्रयत्न उरला? बाकीची वेदना कुठे गेली, कस्टम्समध्ये अडकली?

तरी मी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी पद्माकररावांकडे नाव द्यायला गेले, म्हटलं एक गाणं द्या, एकच. तर हे मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून, ‘वहिनी... कसंय ना... ते रक्तात लागतं. तुमचं पाठांतर छान आहे, पण ती नक्कल झाली. आणि लोकांच्या डोळ्यांना ते... म्हणजे साडीतल्या बाईकडून ते... बघून वाटत नाही हो! तुम्ही असं करा, फराळाचं बघा.’

फराळाचं बघा! तुम्हाला सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मलाही कळतं हो, की त्या लोकांनी जे सोसलं ते मी सोसलेलं नाही, आणि सोसलंय असं मी कधी म्हणणारही नाही. पण त्यांनी गाणं काही दार लावून गायलं नाही ना? दार उघडं होतं, मी आत गेले, नमस्कार केला आणि शिकले. त्यात यांचं काय गेलं? त्याच क्षणी ठरवलं... हा माणूस माझं गाणं ऐकेल, डोळे उघडे ठेवून, मला समोर बघून ऐकेल, आणि याच तोंडाने ‘वा’ म्हणेल. आणि त्याआधी याची थोडी फजिती झाली, तर देवाला काही हरकत नसावी!

संधी गो अंकलनी दिली. आपल्याकडे कसा पितृपंधरवडा, तसा इथल्या चिनी लोकांचा अख्खा सातवा महिना पितरांचा. पितर भुकेले येतात म्हणून जेवण ठेवायचं, उदबत्त्या लावायच्या, आणि त्यांची करमणूक व्हावी म्हणून फ्लॅट्सच्या मधल्या मैदानात स्टेज बांधून गाणी! त्याला गेताई म्हणतात. आणि तिथली पद्धत अशी, की पहिली रांग रिकामी. सगळ्या लाल खुर्च्या मोकळ्या. का? पितर बसतात ना तिथे! जिवंत माणसांनी दुसऱ्या रांगेपासून मागे. अंकल म्हणाले, चिनी गाण्यांच्या मध्ये तुझं एक इंग्लिश गाणं घालू, चल.

मी लगेच पद्माकररावांना फोन. आवाजात साखर. ‘अहो, आमच्या इथे मोठा कार्यक्रम आहे, माझंही एक गाणं आहे, तुमच्यासारखा जाणकार हवाच. आणि हो, पुढेच बसा हं!’ फक्त एवढंच म्हटलं. पुढच्या पुढे कुठे, ते नाही सांगितलं. का म्हणून विचारता? त्यांनी मला रक्ताचं सांगितलं, मी त्यांना खुर्चीचं सांगितलं!

आले. सिल्कचा कुडता, अत्तर, हातात पिशवी. मैदान खचाखच भरलेलं, म्हाताऱ्याकोताऱ्या पंखे हलवत बसलेल्या, आणि पहिली रांग संपूर्ण मोकळी. दुसरा कुणी असता तर त्याच्या मनात आलं असतं की अरे, एवढ्या गर्दीत ही रांग रिकामी का? पद्माकररावांच्या मनात कशाला येईल? त्यांना वाटलं, माझ्यासाठीच तर ठेवलीय! सरळ गेले, मधल्या खुर्चीवर बसले, पाय लांब केले, आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी.

मी स्टेजच्या बाजूला उभी. माझी मुलगी जाई धावत आली, ‘ममी! अंकल इज सिटिंग ऑन द घोस्ट सीट लेह! टेल हिम लाह!’ म्हटलं, बसू दे. ‘बट ममी...’ बसू दे म्हणते ना! आणि तू माझं गाणं शूट करू नकोस, काकांना शूट कर. एकही क्षण सोडू नकोस!

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक आजी उठल्या. ऐंशीच्या असतील, पण आवाज? माझ्यापेक्षा भारी! हातातला पंखा पद्माकररावांच्या खांद्यावर फाट्, आणि होक्किएन या चिनी बोलीत अशी काही सरबत्ती, की शब्द न कळता अर्थ सगळा कळला. पद्माकरराव उठेनात! ‘मॅडम, आय ॲम गेस्ट! कल्चरल हेड!’ मग आजींच्या नातीने इंग्लिशमध्ये सांगितलं, ‘अंकल, यू आर सिटिंग ऑन समबडीज ग्रँडफादर. ॲण्ड युअर बॅग इज ऑन द ग्रँडमदर.’

अहाहा... तो चेहरा! उडाले हो, चटका बसल्यासारखे! पिशवी उचलताना त्या खुर्चीला ‘सॉरी सॉरी’ म्हणाले. आजींनी हातात तीन उदबत्त्या दिल्या, आणि आमच्या सांस्कृतिक प्रमुखांनी त्या रिकाम्या रांगेपुढे वाकून वाकून माफी मागितली. मी तिकडे पदर तोंडात कोंबून हसतेय! तीन वेळा वाकले, मी प्रत्येक वेळी मनात म्हटलं, हा एक शतकांच्या वेदनेचा, हा एक प्रयत्नाचा, आणि हा फराळाचा!

आणि माझं नाव पुकारलं. म्हणजे चिनी भाषेत काहीतरी पुकारलं, अंकलनी ढकललं, मी गेले.

काय सांगू... समोर ती रिकामी रांग. आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असे श्रोते होते, ज्यांनी मला वरून खाली न्याहाळलं नाही. त्यांना काय, मेलेल्यांना! कोण काळं, कोण पिवळं, कोण कराडचं! मी त्यांच्यासाठी गायले. पोटातून गायले. मागे म्हाताऱ्यांचे पंखे थांबले. इंग्लिशचा शब्द कळत नव्हता त्यांना, पण त्या आजी, फाट्वाल्या, डोळे पुसत होत्या. मला तर वाटलं, पहिल्या रांगेतलंही कुणीतरी पुसत असावं.

खाली उतरले ती थेट पद्माकररावांना शोधत. आता ‘वा’ घ्यायचंच! हे मिळाले कुठे? पार मागे, जनरेटरच्या आडोशाला, स्टेजकडे पाठ करून! चेहरा ओला. मला बघून म्हणाले, ‘वहिनी, अहो, मी घाबरून इथे डोळे गच्च मिटून स्तोत्र म्हणत बसलो होतो... तुमचं गाणं चुकलंच बहुतेक माझं... पण मघाशी ती कोण गायली हो? ती आफ्रिकन बाई? वा! वा वा! माझी भीती पळाली हो! मी रडलो, वहिनी! याला म्हणतात गाणं!’

म्हटलं, मी गायले ती.

हसले. वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘चेष्टा करता काय! बघून वाटत नाही हो!’

अभय म्हणाला, अहो काका, तीच! तर म्हणे, ‘तू तर तिचा नवराच, तू म्हणणारच.’ मी ओरडले, जाई, व्हिडिओ दाखव! जाई म्हणाली, ‘यू सेड शूट अंकल, व्हॉट!’ फोनमध्ये काय? काका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काका. वाकणारे काका! तो काय त्यांना दाखवू? तुम्ही सांगा, ज्याला समोर बघायला लावायचं म्हणून एवढा घाट घातला, त्याला मीच पुढून उठवून मागे पाठवला, आणि वर त्याचे डोळेही मीच मिटवले!

आता परवा ग्रुपवर घोषणा आलीय, दिवाळीला विशेष आकर्षण, आफ्रिकन वंशाच्या थोर गायिका. आणि लगेच मला फोन. ‘वहिनी, तुमची ओळख दिसते, तेवढं त्यांना विचारून ठेवा. आणि स्वागताला तुम्हीच. नऊवारी नेसा, नथ घाला, स्टेजवर त्यांना गुच्छ द्या.’

हो म्हटलं. काय करता? हात दोन दिलेत देवाने... एकाने देईन, दुसऱ्याने घेईन.