फक्कीची रेघ

भांडुपला बसची रांग एवढी लांब, की शेवटचा माणूस मुलुंडात उभा असावा. माझ्यापुढे सॉफ्टबॉलची बॅट घेतलेली मुलगी आणि अंपायरच्या निळ्या शर्टातला तिचा मामा.

“मामा, पायाने फक्कीची रेघ पुसली म्हणून कोण स्ट्राइक देतं?”

“नियम देतो. दोनदा बजावलं होतं, अपूर्वा.”

“सगळ्या पुसतात! बॅटिंगच्या चौकटीची रेघ गेली की मागे सरकता येतं, बॉल नीट दिसतो.”

“त्यांनाही बजावलं. त्या थांबल्या.”

“तिसरा स्ट्राइक होता रे माझा! आऊट झाले, राज्याची निवड गेली. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही मी.”

“माहितीय.”

“माहितीय, तर एकदा डोळे मिटायचे ना!”

“भाचीसाठी मिटले, तर बाकीच्या पोरींना काय सांगू?”

“त्यांचं सोड. आई राखीचं ताट करून बसलीय. तिला काय सांगणार?”

“सांग, अंपायरने आऊट दिलं.”

“कोणत्या अंपायरने, ते विचारेल ना ती.”

बस आली.

“तू हो पुढे. मी पुढच्या बसने येतो.”

“पुढची बस डेपोत जाते, मामा.”

“असू दे.”